तार वाकते की पिक? गिटारची नखी निवडण्याआधी

जुलैतल्या एका शुक्रवारी, भर पावसात, म्हापशाच्या बाजारातून एका विद्यार्थ्याच्या आईने मला फोटो पाठवला. दुकानाच्या काउंटरवर प्लास्टिकचा डबा, त्यात लाल, केशरी, पिवळी, हिरवी, निळी अशी गिटार छेडायची ढीगभर पिकं आणि प्रत्येकावर एक आकडा: 0.50, 0.60, 0.73, 0.88. पाठोपाठ फोन आला. "सर, मला तर सगळी सारखीच दिसतात. दुकानदार म्हणतो, कुठलंही न्या. हा म्हणतो, मित्राकडे आहे तसलंच पाहिजे. तुम्हीच सांगा काय घेऊ ते."

मी एक आकडा सांगितला आणि त्यांचं काम झालं. पण नंतर मनात राहिलं की गोव्यातल्या फोंड्यात इतकी वर्षं गिटार शिकवताना हा प्रश्न मला दर जूनमध्ये, नवी मुलं आली की विचारला जातो आणि दरवेळी मी आकडा सांगून मोकळा होतो, त्यामागचं कारण सांगत नाही. कारण कळलं तर पुढच्या वेळी कोणालाच विचारावं लागणार नाही. शिवाय सातआठ हजारांच्या गिटारचा आवाज कसा लागेल हे बऱ्याच अंशी या छोट्या चकतीवर ठरतं, आणि घरचे लोक गिटार घेताना महिनाभर चौकशी करतात पण पिक मात्र दुकानदार हातात देईल ते घेतात, याचं मला वाईट वाटतं.

पिक म्हणजे तार छेडायची लहानशी चकती. सतारवाले तर्जनीत तारेची नखी घालतात, तिचंच हे गिटारमधलं भावंड. नखी बोटात अडकवतात, पिक चिमटीत धरतात, एवढाच फरक.

कोणाला तरी वाकावंच लागतं

पिक तारेवर टेकलं की क्षणभर दोघांची रेटारेटी होते. हात पिकला पुढे ढकलतो, ताणलेली तार त्याला अडवते. त्या क्षणी दोघांपैकी एकाला वाकावं लागतं. पिक पातळ असेल तर पिक वाकतं, जाड असेल तर तार वाकते. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पिक वाकलं, तर तार जागेवरून फारशी हलत नाही. पिक मागे दुमडत तिच्यावरून घसरतं आणि सुटल्यावर झटकन सरळ होतं. सरळ होताना 'टक' असा बारीक आवाज येतो. सहा तारांवरून हात फिरला की हे टक एकमेकांत मिसळून 'छक' होतं. एखाद्या गाण्याला गिटारची साथ असते तेव्हा सुरांच्या बरोबरीने जी खुळखुळ्यासारखी लय ऐकू येते, तिच्यात या आवाजाचा मोठा वाटा असतो.

पिक वाकलं नाही, तर ते तारेला स्वतःबरोबर ओढत नेतं. तार बरीच बाजूला जाते आणि मग सुटते. जितकी जास्त ओढली, तितकी जोरात थरथरते. आवाज मोठा येतो, भरीव येतो आणि पिकचा स्वतःचा खडखडाट कमी होतो.

हे घरी करून बघता येतं. अंगणाच्या खराट्यातला एक हीर काढा. त्याचं जाड टोक धरून दुसरं लवचीक टोक खिडकीच्या गजांवरून फिरवा. तर्रर्र असा हलका आवाज येईल आणि गजाला काही झालेलं जाणवणारही नाही. आता तोच हीर बोटभर लांबीवर धरा आणि फिरवा: कट, कट, कट. प्रत्येक गज वेगळा ऐकू येईल आणि हाताला धक्का बसेल. मग दहा हीर एकत्र धरून फिरवा, खिडकी हादरेल. पातळ पिक, आखडून धरलेलं पिक आणि जाड पिक यांच्यातला फरक असाच आहे.

फोनमध्ये स्लो मोशन असेल तर आणखी चांगलं. वर्गात आम्ही एकदा खिडकीजवळ बसून 0.46 च्या पिकचं चित्रण केलं. पिकचं टोक तारेवर टेकतं, मग धनुष्यासारखं मागे वाकत जातं, इतकं की बघणाऱ्याला वाटावं आता मोडणार. तार मात्र जेमतेम जागची हलते. मग अचानक टोक सुटतं, पुढच्या बाजूला जरा जास्तच जातं, थरथरतं आणि पुढच्या तारेपाशी पोचतं. त्यानंतर 1.14 च्या पिकचं केलं. तिथे पिक जसंच्या तसं, आणि तारेचा मात्र स्पष्ट कोन झालेला. जे तासभर बोलून मुलांना कळलं नसतं ते त्या दोन चित्रणांत कळलं.

आकडे मिलिमीटरचे आहेत, पण फरक तेवढ्यावर थांबत नाही

पिकवरचा आकडा ही त्याची जाडी, मिलिमीटरमध्ये. हाताशी असलेलं माप हवं असेल तर बँकेचं एटीएम कार्ड घ्या. ते 0.76 मिलिमीटर जाड असतं. साधारण 0.60 पर्यंतच्या पिकला पातळ म्हणतात, 0.60 ते 0.80 ला मध्यम, त्यापुढे जाड, आणि दीड मिलिमीटरच्या वर गेलं की फारच जाड. पाकिटावरच्या थिन, मीडियम, हेवी या शब्दांवर विसंबू नका. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या हेवीपाशी जातं. आकडा बघावा.

आता त्या आईंचा खरा गोंधळ. 0.60 आणि 0.73 मध्ये फरक किती, तर एका मिलिमीटरचे तेरा शतांश, म्हणजे लिहायच्या कागदापेक्षा थोडासाच जास्त. एवढ्याने काय बिघडणार? बिघडतं, कारण कुठल्याही पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर पट्टी दुप्पट ताठ होत नाही, दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट ताठ होते. या हिशेबाने 0.60 पेक्षा 0.73 चं पिक जवळजवळ 1.8 पट ताठ, आणि 0.88 चं तिपटीहून जास्त. डोळ्यांना न दिसणारा फरक हाताला लगेच कळतो तो यामुळे.

याच हिशेबाची दुसरी बाजू माझ्या मते जास्त कामाची आहे. ताठपणा लांबीवरही अवलंबून असतो, तोही घनाने. चिमटीतून पिकचं टोक आठ मिलिमीटर बाहेर ठेवलं आणि मग चार मिलिमीटर ठेवलं, तर तेच पिक कागदावरच्या हिशेबाने आठपट ताठ होतं. प्रत्यक्षात पिक टोकाकडे निमुळतं असतं, बोटं मऊ असतात, त्यामुळे नेमके आठ भरत नाहीत. पण हिराचा प्रयोग आठवा, दिशा हीच.

म्हणून मुरलेला वादक एकाच पिकमधून तीन पिकं काढतो. अंतऱ्याला हलकी साथ हवी तर चिमूट मागे नेतो, मध्ये एखादी सुरावट वाजवायची तर टोक आखडतो. नवीन विद्यार्थी पिक बदलायला निघतो तेव्हा मी आधी त्याची पकड बघतो. दहापैकी सात-आठ वेळा पिक बरोबर असतं, पण अर्धं बाहेर लटकत असतं.

टोक: नखाने टकटक की बोटाने

पत्र्याच्या डब्यावर आधी नखाने टकटक करा, मग बोटाच्या पेराने. डबा तोच, जोर तोच, तरी पहिला आवाज टोकदार येतो आणि दुसरा गोल. पिकच्या टोकाचंही तसंच.

तंबोरा लक्ष देऊन ऐकलेल्यांना माहीत असेल की एका तारेतून एकच सूर येत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर उठत असतात. त्यांना उपस्वर म्हणू. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो असाच. टोकदार पिक तारेला अगदी अरुंद जागी स्पर्श करतं, त्यामुळे वरचे बारीक उपस्वरही मोकळेपणी उठतात आणि आवाज लखलखीत येतो. गोल टोक तारेच्या जास्त लांबीवर टेकतं आणि ते बारीक सूर तिथेच दबतात. आवाज मऊ, थोडा घनगंभीर येतो.

नेहमीच्या गोलसर त्रिकोणी पिकला एक टोकदार कोपरा असतो आणि दोन गोल खांदे. पैसे न घालवता दुसरा आवाज हवा असेल तर पिक फिरवा आणि खांद्याने वाजवा. जॅझ वाजवणारे कित्येक जण हेच करतात. तारेवर पिक कसं उतरतं यानेही फरक पडतो. पिक तारेला अगदी समांतर ठेवलं तर स्वच्छ ठोका मिळतो. किंचित तिरकं केलं तर ते सुरीसारखं सरकतं, हात वेगाने चालतो, पण जाड, वेढे दिलेल्या तारांवर थोडी खरखर येते. ती खरखर काही गाण्यांना शोभते, भावगीताला शोभत नाही असं मला वाटतं.

कासव, कापूर आणि नायलॉन

पिक कशाचं बनलंय याची गोष्ट आपल्या किनाऱ्यापासून फार लांबची नाही. एके काळी उत्तम पिक म्हणजे हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या पाठीचं. त्या कवचावरचे पापुद्रे केराटिनचे असतात, आणि आपली नखंही केराटिनचीच. नखासारखा स्पर्श, तरी नखापेक्षा टिकाऊ, म्हणून वादक त्यावर जीव टाकत. फादो या पोर्तुगीज गाण्यांच्या साथीला वाजणाऱ्या बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीसाठी बोटांवर चढवायच्या नख्याही पूर्वी कासवाच्याच असत. हे कासव संपत चाललं तेव्हा त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने समुद्री कासवांना संरक्षण आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ही जात वेगळी, पण नातं जवळचं. कोणी 'अस्सल कासवाचं जुनं पिक' म्हणून काही विकायला आणलं तर हात लावू नका.

आपल्या घुमट या तालवाद्याचंही असंच झालं. घोरपडीचं कातडं जाऊन बकरीचं आलं. सुरुवातीला जाणते कुरकुरले, पण चवथीच्या आरत्या घुमायच्या थांबल्या नाहीत, आणि 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही झालं. चांगल्या आवाजासाठी प्राणी मारावा लागत नाही, हे घुमटाने आणि पिकने दोघांनीही दाखवून दिलं.

कासवाला पर्याय म्हणून आधी आलं सेल्युलॉइड. न्यूयॉर्कच्या लुइजी डी'आंद्रेया यांनी 1922 पासून सेल्युलॉइडची पिकं बनवायला घेतली आणि आजचे बहुतेक आकार त्यांच्याच नमुन्यांवरून आलेत. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. असं पिक जोरात घासून नाकाशी न्या, देवघराचा मंद वास येतो. शिवाय ते पटकन पेट घेतं, तेव्हा निरांजनापासून लांब ठेवा. आवाज उबदार, थोडा जुन्या वळणाचा. टोक मात्र लवकर झिजतं.

नायलॉन मऊ आणि चिवट असतं. वाकतं, मोडत नाही. त्याच जाडीच्या दुसऱ्या प्लास्टिकपेक्षा ते हाताला पातळ वाटतं.

तिसरं डेलरिन, म्हणजे अ‍ॅसिटल जातीचं कडक प्लास्टिक. डनलॉप कंपनीने 1981 मध्ये टॉर्टेक्स नावाने याची पिकं आणली. नावातच कासव आहे. पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा कोरडा, आणि प्रत्येक जाडीला ठरावीक रंग: 0.60 केशरी, 0.73 पिवळं, 0.88 हिरवं. त्या फोटोतला रंगीबेरंगी डबा याच पिकांचा होता. 0.88 चं नायलॉन हाताला 0.73 च्या टॉर्टेक्सजवळचं वाटू शकतं, म्हणून जाडीच्या आकड्याबरोबर ते कशाचं आहे हेही विचारा.

मुलं हमखास विचारतात, "सर, करवंटीचं पिक चालेल?" चालेल की! सरोद वाजवतात तो जवा करवंटीचाच असतो, म्हणजे आपल्या परसातली वस्तू शास्त्रीय संगीतात केव्हाच मानाने बसली आहे. जून, काळी पडलेली करवंटी घ्या, पिकच्या आकाराचा तुकडा कापा आणि आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने कडा घासत जा. सगळी मेहनत कडेला आहे. कड खडबडीत राहिली तर तारेवर कुरकुर करते आणि टोकाशी तंतू सुटायला लागतात. ताठ असल्याने ती सहा तारांवरून झरझर फिरवायला बरी नाही, पण एकेक सूर वेचायला सुरेख. माझ्याकडे एक आहे, साखळीच्या एका विद्यार्थ्याने घासून दिलेलं. आतल्या बाजूला करवंटीचा बाक तसाच राहिलाय, त्यात अंगठा अचूक बसतो.

पावसाळ्यात पिक का सटकतं

हा भाग परदेशी व्हिडिओंत सापडत नाही आणि आपल्याला सगळ्यात जास्त लागतो. गोव्याच्या हवेत दमटपणा कायम, आणि जून ते सप्टेंबर तर भिंतीही ओल्या. घामेजल्या बोटांतून पिक फिरतं, मग मूल ते घट्ट धरतं, घट्ट धरलं की मनगट आखडतं, मनगट आखडलं की ताल बिघडतो. आईवडिलांना वाटतं, मुलाला ताल नाही. अशी दोन-तीन मुलं माझ्याकडे आली आहेत आणि त्यांचा ताल उत्तम होता.

उपाय साधे आहेत. गुळगुळीत चकाकणारं पिक टाळा. कोरड्या पृष्ठभागाचं किंवा उठावदार अक्षरांचं घ्या. जवळ असेल त्या पिकच्या मध्यभागी कागदाला भोक पाडायच्या पंचने एक भोक पाडा. अंगठ्याचं आणि तर्जनीचं मांस त्या भोकात किंचित शिरतं आणि पिक जागेवर राहतं. बारीक पॉलिश पेपरने वरचा भाग घासला तरी पकड येते, फक्त टोकाला हात लावू नका.

नायलॉनचं आणखी एक आहे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मऊ पडतं. पापड सादळतो तसंच, पण सावकाश. मे महिन्यात आवडलेलं पातळ नायलॉन जुलैत लिबलिबीत वाटलं तर तो भास नव्हे. डेलरिनला ओलावा फार कमी लागतो. गोव्यात राहणाऱ्याला एकच पिक सुचवायचं तर मी डेलरिनकडे झुकतो ते मुख्यतः याचसाठी.

मग तुमच्या हाताला कुठलं?

तुम्ही किती वर्षं वाजवताय यापेक्षा तुमचा हात काय करतो हे बघायचं.

गाण्याला साथ करणारे सगळ्यात जास्त, तेव्हा त्यांच्यापाशी थोडं थांबतो. यात हात सहा तारांवरून वर-खाली फिरत राहतो. खाली येताना गुरुत्वाकर्षणाची मदत असते, वर जाताना नसते. जाड पिक वर जाताना तारांत अडकतं आणि मग 'धाड-खट, धाड-खट' असं काहीतरी ऐकू येतं. पातळ पिक वाकून वाट काढतं आणि खालचा-वरचा ठोका सारखा पडतो. म्हणून साथीला 0.50 ते 0.73 बरं. पण साथ कुठे करता हेही मोजा. घरी किंवा वर्गात 0.60 छान वाटतं. देवळाच्या मंडपात, समोर दोनशे माणसं, शेजारी हार्मोनियम, तबला आणि झांजा, गिटारला एकच माइक, अशा वेळी पातळ पिकची नुसती खुळखुळ पोचते, सूर पोचत नाहीत. मार्दोळजवळच्या एका कार्यक्रमात मी असाच संपूर्ण तास वाजवला होता. गायिकेने नंतर आपुलकीने विचारलं, "तुमची गिटार चालू होती ना?" तेव्हापासून झांजा असतील तिथे मी 0.88 घेतो, टोक जास्त बाहेर ठेवतो आणि हात हलका ठेवतो. सूर भरतात, आणि अडकतही नाही.

भावगीताच्या साथीत कॉर्डच्या, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या सुरांच्या, तारा एकेक करून, पसरून छेडतात. तिथे मध्यम पिक, 0.73 ते 0.88. प्रत्येक तारेला आपला वेळ आणि आपलं वजन मिळायला हवं. पिक फार वाकलं तर ते पुढच्या तारेवर कधी पोचेल हे हाताला सांगता येत नाही.

इलेक्ट्रिकवर एकेक सूर वेगाने वाजवणाऱ्याला न वाकणारं, लहान आणि टोकदार पिक हवं. जॅझ थ्री नावाचं जे छोटं लाल नायलॉनचं पिक मिळतं ते 1.38 मिलिमीटरचं आहे. नाव जॅझचं असलं तरी रॉक वाजवणारेच ते जास्त वापरताना दिसतात. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर इंग्लंडचं जुनं सहा पेनीचं नाणं वापरतात, त्याच्या खाचेदार कडेने सुराच्या सुरुवातीला एक वेगळीच किणकिण येते. नाणं तारा लवकर खातं, आपल्या खारट हवेत तारा आधीच गंजतात. एवढं लक्षात ठेवूनच प्रयोग करा.

मँडोलिनवाल्यांना जाड आणि गोल टोकाचं. तिच्या जोडतारा घट्ट ताणलेल्या असतात, पातळ पिक त्यांच्यापुढे टिकत नाही. बेस गिटारला बोटं किंवा खूप जाड पिक. युकुलेलीला बोटंच बरी.

"पण नवशिक्याने पातळच घ्यावं असं सगळे सांगतात"

सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पातळ पिक चुका पोटात घालतं. हात जोरात पडला तरी पिक वाकून तो जोर गिळतं. पण त्यामुळेच हाताला कधी कळत नाही की तो जोरात पडतोय. सहा महिन्यांनी तेच मूल एकेक सूर वाजवायला घेतं तेव्हा हाताला अंदाजच नसतो. सुरुवातीलाच एकदम जाड दिलं तर तारा अडकतात आणि मूल कंटाळतं. म्हणून मी 0.73 देतो. चूक झाली तर हाताला कळते, पण हात अडून बसत नाही.

"जाड पिकने तारा तुटतात ना?"

क्वचित. तार तुटते ती बहुतेक वेळा गंजल्यामुळे, किंवा ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पेटीवरच्या तारा अडकवायच्या पट्टीवर, जिथे ती टेकते तिथे बारीक धार असल्यामुळे. कुठे तुटली ते बघा. नेहमी एकाच जागी, ब्रिजपाशी तुटत असेल तर दोष तिथला, पिकचा नाही. जाड पिकने जोरात ओढलं तर दुसरं एक मात्र होतं: तार सुटल्याच्या पहिल्या क्षणी सूर किंचित चढा लागतो. सूर दाखवणारा ट्यूनर लावून एकदा हळू, एकदा जोरात वाजवा, काटा हललेला दिसेल. "ट्यून केलं तरी बेसूर वाटतं" ही तक्रार घेऊन आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा हात जड असतो.

"बोटं असताना पिक हवंच कशाला?"

नको असेल तर नका वापरू, मनापासून सांगतो. वेस माँटगोमेरी या जॅझच्या मोठ्या वादकाने नुसत्या अंगठ्याने वाजवलं. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार तर नखांनी आणि बोटांनीच वाजवायची, तिच्या लाकडावर पिकच्या ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टीही नसते. पण स्टीलच्या तारांवर तासभर जोरकस साथ करायची तर नखं झिजतात, मोडतात. पिक झिजलं तर नवं घेता येतं.

"महागड्या पिकने आवाज सुधारतो का?"

हजार रुपयांचं हाताने घडवलेलं पिक मिळतं, वाईट नसतं, त्याच्या कडा फार सुंदर घासलेल्या असतात. पण तो फरक ऐकायला कान आधी तयार व्हावा लागतो. त्यापेक्षा झिजलेलं पिक वेळेवर बदला. टोक उजेडाकडे धरून बघा. एका बाजूने तिरकं कापल्यासारखं दिसलं, किंवा कडेला नखाला खाचा लागल्या, की त्याचा आकार आता दुकानात होता तो राहिलेला नाही. साधं पिक एका पातळभाजी-पावाच्या किमतीत मिळतं.

म्हणून एकच घेऊ नका. 0.60, 0.73 आणि 0.88 अशी एकाच कंपनीची, एकाच मटेरियलची तीन घ्या, नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळणार नाही. रोजचं एक गाणं तिन्ही पिकांनी फोनवर रेकॉर्ड करा. फोन तिन्ही वेळा त्याच जागी, पंखा बंद. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, कारण वाजवताना आपण हाताचा आनंद ऐकत असतो. ऐकताना वर जाणाऱ्या ठोक्याकडे कान द्या. तो खालच्याइतकाच सहज वाटला की ते पिक तुमचं.

म्हापशाच्या त्या आईंना मी फोनवर 0.73 सांगितलं होतं. त्यांनी पिवळं आणलं, आणि मुलाच्या हट्टापायी मित्राकडचं हिरवंही. पुढच्या रविवारी दोघं वर्गात आले. मुलाने दोन्ही वाजवून दाखवली. त्याचा हात उपजतच हलका आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. हिरव्याने त्याचा वरचा ठोका कुठेही अडकत नव्हता आणि सूर खोलीभर भरत होते. मी त्याला हिरवंच ठेवायला सांगितलं. पिवळं त्याच्या आईने पर्समध्ये टाकलं आणि जाताना विचारलं, "सर, मोठ्या माणसांना घेता का हो शिकायला?" त्या आता बुधवारी येतात, पिवळं पिक घेऊन.